सात पिळांची बाळी

“मिशी कुटं संपती आन् बाळी कुटं लागती, त्ये ह्या न्हाव्यालाबी कळंना झालंय. मरू दे, दोनीबी कापून टाक!”

भिंतीपलीकडं धुळाप्पा करवादला. आमचं घर आणि बजाबाईंचं घर यांच्यात एकच कुडाची भिंत आहे. तिकडं कुणी कूस बदलली तरी इकडं कळतं. मी तेव्हा चंद्रव्वाच्या नाकात चमकी बसवत होते. तिचं नाक माझ्या चिमटीत, आणि ही बया फसकन हसली. फिरकी उडाली ती थेट तिच्या पदराच्या घडीत.

“अय्यो, सोनारीणबाई! वीस वर्साचा बाप्या, आन् नाकात बाळी अजून? गिरणीत कसा ऱ्हातो हो बिचारा?”

“नाक हलवू नकोस,” मी म्हटलं.

उत्तर द्यायचं नसलं की आमच्या कामात ही सोय फार चांगली आहे.

भवानी पेठेत आमचं दुकान. हे दागिने घडवतात आणि मी ते बायकांच्या नाकात घालते. परक्या पुरुषाच्या हातात नाक द्यायला बायका राजी नसतात, म्हणून लग्न होऊन आले त्या वर्षीच हे काम माझ्या गळ्यात पडलं. शिकवलं कुणीच नाही. पहिली दोन नाकं सासूबाईंची आणि नणंदेची. त्यांनी ज्या शिव्या दिल्या तेवढंच माझं शिक्षण.

लोकांना वाटतं, नथ बदलायची म्हणजे काय, एक काढायची, दुसरी घालायची. पण भोक मोकळं राहिलं की ते लगेच आकसायला लागतं, आणि मग नवी तार घालताना बाई किंचाळते. म्हणून मी केरसुणीची हीर घेते, ती घासून गुळगुळीत करते आणि खोबरेलात बुडवते. जुनी तार जशी बाहेर सरकेल तशी तिच्या पाठोपाठ ही काडी आत जाते. मग काडी सरकते आणि तिच्या मागून नवा दागिना येतो. नाक डोळ्याचं पातं लवेपर्यंतसुद्धा रिकामं राहत नाही. माझी तेलुगू गिऱ्हाईक कमलम्मा उजवीकडं घालते, कानडी चंद्रव्वाला दोन्हीकडं लागते, आमच्या बायका डावीकडं घालतात. काडी सगळ्यांना एकच.

पुरुषाच्या म्हणाल तर जन्मात एकाच नाकात मी बाळी घातली. ती धुळाप्पाच्या.

बजाबाईंची चार मुलं गेली होती. एक प्लेगात, दोन देवीत, आणि एक तर नाव ठेवायच्या आतच. त्यानंतर हा झाला. बजाबाई त्याच्याकडं बघेनात. अंगावर पाजायला घ्यायच्या ते सुद्धा तोंड भिंतीकडं करून. तेव्हा करमाळ्याकडून त्यांची सासू आली. म्हातारी कडक होती. म्हणाली, पोराचं नाक टोचा, त्यात पाच घरचं मागून आणलेलं सोनं घाला, नाव असं ठेवा की कुणी वळून बघायला नको, आणि पोर इकून टाका. सटवीला वाटलं पायजे की ह्या बाईच्या घरात पोरच न्हाय.

मग पाच घरांतून बाजरीच्या दाण्याएवढं-एवढं सोनं जमा झालं. ह्यांनी त्याची तार ओढली. नाव धुळाप्पा ठेवलं. धुळीकडं कोण बघतंय? आणि बाराव्या दिवशी बजाबाईंनी पोराला अंगणातल्या उकिरड्यावर ठेवलं, मी सूपभर कोंडा त्यांच्या पदरात ओतला आणि पोर उचललं. मला मूल नव्हतं. होणारही नव्हतं, हे तोवर माझ्याआधी पेठेला कळलेलं होतं. सौदा सगळा खोटा. पण त्या दिवशी ते पोर माझ्या मांडीवर तास-दीड तास झोपलं, आणि माझ्या पायाला मुंग्या आल्या त्या काही खोट्या नव्हत्या.

म्हातारीनं जाताना शेवटचं सांगितलं ते असं: लग्नाच्या हळदीआधी आईनं आपल्या हातानं बाळी काढायची आणि करमाळ्याच्या कमळाभवानीला वाहायची. तोवर पोराला आपलं म्हणायचं नाही.

बजाबाईंनी हे असं पाळलं की बघणाऱ्याला हसू यावं आणि मग हसल्याची लाज वाटावी. पोर त्यांच्याच घरात वाढलं, त्यांच्याच हातची भाकरी खाल्ली, पण त्या भिंतीवरून मला ओरडून सांगायच्या, “मथुराबाई, तुमचं पोरगं उपाशी गेलं बगा गिरणीत!” ताप आला तर, “दगडाला ताप आलाय.” नवरा हरिबा तर नुसतं ‘त्ये’ म्हणायचा. पोर मला आई म्हणायला शिकलं आणि बजाबाईंना काकी.

नाक वाढेल तशी बाळी बदलावी लागायची. तीन वेळा बदलली. दर वेळी बजाबाई अंगणात जाऊन उभ्या राहायच्या, पाठ करून. “घातली का?” म्हणून विचारायच्या. मी “घातली” म्हटलं की मगच त्यांचा श्वास सुटायचा. भिंतीतूनसुद्धा मला तो ऐकू यायचा.

यंदा वैशाखात त्याचं लग्न ठरलं. मुलगी टेंभुर्णीची. तिचा बाप महिपती गाड्या चालवायचा धंदा करतो. नाटकाचा नादी माणूस, म्हणून पोरीचं नाव विजयमाला. सुपारी फोडायला तो आला तेव्हा आम्ही सगळे हरिबाच्या ओसरीवर होतो. धुळाप्पा मुलगी बघायला गेला तेव्हासारखाच मान खाली घालून बसलेला, वर मुंडासं, खाली मिशी, त्यामुळं नाक काही दिसत नव्हतं.

चहा झाला. महिपतीनं बजाबाईंना विचारलं, “पोरगं रंगानं तुमच्यावर गेलंय व्हय वैनी?”

बजाबाई दचकल्या. “माज्यावर कशाला जाईल? ह्या मथुराबाईंचं पोरगं हाय त्ये.”

महिपतीनं माझ्याकडं बघितलं. मग माझ्या मागं दुकानात बघितलं. तिथं आमचे हे फुंकणी तोंडात धरून शेगडीपुढं बसले होते.

“ह्या सोनाराचं?”

“व्हय.”

महिपती उभाच राहिला. “मंग मला फसवून आनलं की हितं! सोनाराच्या घरात पोरगी द्याया माजं डोस्कं फिरलंय व्हय?”

“बसा, बसा की पावनं,” हरिबा त्याचा हात धरून म्हणाला. “तसं न्हवं. जातीनं आमचंच हाय. पर हाय ह्यांचं.”

“म्हंजी?”

“म्हंजी… मथुराबाई, तुमीच सांगा.”

माझं सांगणं नेहमी नाकापासून सुरू होतं. मी धुळाप्पाची हनुवटी धरून तोंड वर केलं. “भाऊ, हे बघा.”

महिपतीनं बाळी बघितली आणि धपकन खाली बसला. “इकल्यालं पोर व्हय! मंग आदी सांगायचं न्हाय? माजा जीव गेला असता की हितं.” मग त्याला हसू आलं. “हळदीआदी काडनार न्हवं पर? न्हाय, अंतरपाटाच्या दोनीकडनं नाकात सोनं चमकलं, तर भटजीनं नवरी म्हनून कुनाकडं बगायचं?”

सगळे हसले. धुळाप्पासुद्धा हसला. बजाबाई कपबश्या उचलून आत गेल्या.

त्या दिवसापासून लग्नाची तयारी तेवढी पुढं सरकत होती आणि बाळी जागच्या जागी होती. पत्रिका छापून आल्या, मांडवाच्या मेढी आल्या. मी विचारलं, “बजाबाई, कधी काढायची?” तर म्हणाल्या, “आमुशा जाऊ द्या.” अमावस्या गेली. “पाव्हनं येऊ द्या.” पाहुणे आले.

एकदा मी धुळाप्पाला गाठलं. “अरे, एवढा गडी झालास. गिरणीत पोरं हसतात. एक हिसका दिला असतास तर कधीच निघाली असती.”

“मला काय व्हनार न्हाय गं आई,” तो म्हणाला, “पर तिला व्हईल.” आणि भिंतीकडं बोट केलं.

हळदीचा दिवस उजाडला. टेंभुर्णीचं वऱ्हाड आदल्या दिवशीच येऊन देवळाजवळच्या धर्मशाळेत उतरलं होतं. नवरदेवाची उष्टी हळद न्यायला नवरीची आत्या सारजाबाई ताट घेऊन मांडवात येऊन बसली. हळद दळून झाली, कालवून झाली, वाटीत वरून सुकायला लागली. बाळी निघाल्याखेरीज ती अंगाला लावायची नाही आणि ती लागल्याखेरीज नवरीची हळद अडलेली.

बजाबाई कुठं आहेत? चुलीपाशी. वरण लागतंय म्हणून बघायला गेल्या. मग मीठ कमी आहे म्हणून. मग वासरू सुटलंय का ते बघायला, आणि वासरू तर त्यांनी संक्रांतीलाच विकलं होतं.

“बाळीला तेल लावलं पायजे जरा,” हरिबा म्हणाला.

“तार जुनी हाय, जपून काडा,” दुसरा म्हणाला.

“मुहूर्त दुपारपतुर हाय म्हनं,” तिसरी म्हणाली.

मांडवात वीस माणसं, आणि बोलत होती सगळी बाळीविषयी. बाईविषयी कुणी अवाक्षर काढत नव्हतं.

शेवटी बजाबाई मला हाताला धरून आतल्या खोलीत घेऊन गेल्या. धुळाप्पा तिथं पाटावर बसला होता, अंगात जुनी पैरण, हळदीसाठी तयार.

“मथुराबाई,” त्या म्हणाल्या, “आईनं काडायची म्हनत्यात ना? मंग आई तुमीच की. कोंडा तुमी दिलाय. तुमीच काडा.”

आता इथं खोटं लिहायचं नाही असं मी ठरवलं आहे. माझा हात पुढं झाला. काडी-तेल मी सवयीनं बरोबर आणलंच होतं. वीस वर्षं तो मला आई म्हणतोय. आज मी बाळी काढली तर सगळ्या मांडवासमोर ते पक्कं झालं असतं. लग्नातसुद्धा, सुनेच्या तोंडीसुद्धा. बजाबाई स्वतःच्या हातानं मला देत होत्या. कोण नको म्हणेल?

मी त्याची हनुवटी धरली आणि बाळी उजेडाकडं केली.

बाळीची दोन टोकं एकमेकांत पिळून मी बंद करते. कायम तीन पीळ देते. तीनहून जास्त कधी नाही, कारण जास्त पिळलं की बाळी आवळत जाते. शेवटची बाळी घातली त्याला बरीच वर्षं झाली होती आणि अलीकडं ती लहान दिसायची. मला वाटायचं, पोराचं नाक वाढतंय. आता जवळून पाहिलं तर पीळ सात होते.

मी बजाबाईंकडं बघितलं. त्यांनी मान खाली घातली.

“झोपल्यावर,” त्या पुटपुटल्या. “चिमटीनंच. सोनं मऊ आसतं.”

“काकी!” धुळाप्पा म्हणाला. “तरीच मला सकाळी उठल्यावर नाक ठणकतंय! मी म्हनलं, ढेकूण चावत्यात.”

माझा हात मागं आला. मी म्हटलं, “बजाबाई, मला नाही जमायचं. डोळ्यांनी जवळचं दिसत नाही हल्ली. पीळ कुठं सुरू होतो तेच कळेना.”

“आगं आई, सकाळीच तू त्या चंद्रव्वाच्या नाकात…” धुळाप्पा बोलायला लागला. मी त्याच्या मांडीला असा चिमटा काढला की पुढचं वाक्य त्यानं गिळलं.

“मंग ऱ्हाऊ द्या आज,” बजाबाई पटकन म्हणाल्या. “न्हाय जमत तर न्हाय. हळद फुडं ढकलू. महिपतीला सांगू…”

दारात सारजाबाई उभी होती. कधी आली कुणास ठाऊक. हातात रिकामं ताट.

“मी तेच सांगाया आले हुते,” ती म्हणाली. “सकाळी निगताना पोरीनं निरोप दिलाय. म्हनली, आत्या, त्येंच्या आईला लईच जड जात आसंल तर बाळी ऱ्हाऊ द्या म्हनावं. मला चालतंय. मिशीत दिसतबी न्हाय फार.”

धुळाप्पाचे कान लाल झाले. इतका वेळ सगळ्यांनी त्याच्या नाकाकडं बघितलं होतं; कानांकडं मीच बघितलं.

बजाबाईंनी विचारलं, “कुनाला जड जात आसंल म्हनली?”

“त्येंच्या आईला.”

“ह्या सोनारीणबाईंचं नाव घेतलं तिनं?”

“न्हाय हो. त्या कशाला? बजाबाईला म्हनली. ती काय येडी हाय? सुपारीच्या दिशी तिचा बाप घरी आला, तवाच समदं सांगितलंय त्यानं. पोरगी हसली न्हाय. पोरगी म्हनली, वीस वर्सं त्या बाईनं कशी काडली आसतील.”

 बजाबाईंनी पदराला हात पुसले, दोनदा पुसले. मग पाटासमोर बसल्या. मी तेलाची वाटी सरकवली. त्यांनी त्याची हनुवटी धरली, अगदी माझ्यासारखी धरली; पाठ करून उभ्या राहणाऱ्या बाईनं हे कधी बघितलं होतं देव जाणे.

पहिला पीळ सुटायला फार वेळ लागला. 

“ह्यो टेंभुर्नीचा,” त्या म्हणाल्या. “पोरगी बगाया गेला तवाचा. ताप न्हाय, काय न्हाय. नुसता मोटारीत बसला आन् मी भ्याले.”

दुसरा सुटला. “ह्यो गिरणीत पट्टा तुटून अंगावर आला तवाचा.”

तिसरा. “मुदतीचा ताप.”

चौथ्याला त्या थांबल्या. “ह्यो कशाचा, आता ध्यानात न्हाय.”

“मी कल्याणीच्या तळ्यात पवाया गेलो हुतो त्या रातचा आसंल,” धुळाप्पा हळूच म्हणाला. त्याचं नाक त्यांच्या चिमटीत होतं, त्यामुळं आवाज नाकातून आला. “तळं खोल हाय म्हनून तू जेवली न्हवतीस.”

“व्हय. त्योच.”

मग माझे तीन पीळ राहिले. ते माझे होते, त्यात ताप नव्हता, ते सटासट सुटले. मानमोडीच्या तापाच्या साथीत आमची आळी अर्धी झाली होती, पण तेव्हा त्याच्या नाकात होती ती बाळी वेगळी. बदलताना ती मी वितळवायला घेऊन गेले होते आणि तिचे पीळ मोजायचं मला सुचलंसुद्धा नव्हतं.

बजाबाईंनी तार सरळ केली. तेल लावलं. हळूहळू ओढली. तार सरकत सरकत बाहेर आली, आणि त्याचबरोबर त्यांचा दुसरा हात माझ्यापुढं पसरला. “काडी! मथुराबाई, काडी द्या की! मोकळं ऱ्हातंय!”

काडी माझ्या हातातच होती, तेलात बुडवलेली. मी ती दिली नाही.

“काडी द्या!”

“नाही लागत आता,” मी म्हटलं.

त्या तशाच थांबल्या, एका हातात वाकडीतिकडी तार, दुसरा हात पसरलेला. त्या त्याच्या नाकाकडं बघत होत्या. तिथं एक बारीक काळं टिंब होतं, बस. वीस वर्षांत पहिल्यांदा ते मोकळं होतं. आम्ही सगळेच बघत होतो, जणू त्यातून काहीतरी बाहेर पडणार आहे. धुळाप्पानं श्वास आत घेतला. सोडला. परत घेतला. बाहेर मांडवात कढईत पुरी सोडल्याचा चर्र आवाज आला आणि कुणीतरी कुणाला तरी पाणी मागितलं.

काही झालं नाही. आणखी थोडा वेळ आम्ही वाट बघितली. तरी काही झालं नाही.

बजाबाईंनी तार पदराच्या टोकात बांधली, कमळाभवानीसाठी. गाठ नीट मारली.

“चला मंग,” सारजाबाई हळदीची वाटी उचलून म्हणाली. “पयली हळद कुनी लावायची?”

सगळ्यांनी आधी माझ्याकडं बघितलं आणि मग जमिनीकडं. हरिबा दारात आला होता, तो तर छताकडं बघायला लागला. धुळाप्पा कुणाकडंच बघत नव्हता. मी माझे तेलाचे हात लुगड्याला पुसले आणि पाटापासून दोन पावलं मागं सरले. तेवढीच पावलं मला जमली.

बजाबाईंनी हात हळदीत घातला, पुरा मनगटापर्यंत. तो तसाच घेऊन त्या उठल्या आणि दारात गेल्या. मांडवातली वीस माणसं त्यांच्याकडं बघायला लागली. त्यांनी आवाज चढवला, आळीच्या टोकाला कुणीतरी उभं असावं आणि त्याला हाक पोचवायची असावी असा.

“समदीजनं ऐका. आन् सटवे, आसशील तितनं तूबी ऐक. ह्यो माजा ल्योक हाय. माज्या पोटचा हाय. मी त्याला इकला न्हवता गं, लपिवला हुता.”